हन्नाच्या नावापुढचा शब्द

कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं, असं हन्ना त्रिभुवनला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं. लोक हसले असते तर काहीतरी चुकलंय हे निदान सगळ्यांना कळलंय, एवढा तरी आधार मिळाला असता. पण त्या दिवशी मंगल कार्यालयात दोनशे माणसं बसली होती आणि त्यातलं एकही हसलं नाही.

सुप्याच्या अलीकडे, पुणे रस्त्यालगत ते कार्यालय. कौशल्य प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांना प्रमाणपत्रं आणि हातोहात कामाची पत्रं वाटायची होती. आदल्या दिवशीच्या लग्नाच्या झेंडूच्या माळा अजून खांबांवर तशाच होत्या. माईकवर उभा असलेला पोरगा यादीतून नाव वाचायचा, नावापुढे लिहिलेलं काम वाचायचा, की टाळ्या. करण गव्हाणे, वायरमन. टाळ्या. मग शिवणवर्गाच्या बायका आल्या. त्या पाचजणी पहिल्या ओळीत शेजारीशेजारीच बसल्या होत्या. ज्ञानेश्वरी ढाकणे, शिवणकाम. गोजरबाई शेळके, शिवणकाम. आणखी दोघी, शिवणकाम, शिवणकाम. हन्नाने पदर सारखा केला आणि उठायच्या बेताने खुर्चीच्या कडेला सरकली.

"हन्ना नॅथन त्रिभुवन," पोरगा म्हणाला, "गटार."

टाळ्या वाजल्या. जेवढ्या बाकीच्यांना तेवढ्याच.

हन्नाला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पाय मात्र आपोआप चालत स्टेजवर गेले. पाहुणे म्हणून आलेल्या साहेबांनी कागदावर नजर टाकली, तिच्याकडे बघितलं आणि मोठ्या मनाने म्हणाले, "शाब्बास. ह्या कामालाही माणसं लागतातच की." त्यांनी प्रमाणपत्र हातात दिलं आणि फोटोसाठी कॅमेऱ्याकडे तोंड केलं. फोटो निघाला. त्या फोटोत हन्ना हसते आहे. ती कशी हसली हे तिचं तिलाच आजपर्यंत उमगलेलं नाही.

खाली येऊन तिने कागद वाचला. वर इंग्रजी, खाली मराठी. मराठीत स्वच्छ छापलं होतं: 'श्रीमती हन्ना नॅथन त्रिभुवन यांनी गटार (महिला) हा अभ्यासक्रम प्रथम श्रेणीत पूर्ण केला आहे.'

हन्नाचं वय त्रेचाळीस, आणि त्यातली सव्वीस वर्षं ती शिवत होती. माहेर शेवगावकडचं, बोरटेक नावाच्या छोट्या गावातलं, ख्रिस्तवाड्यातलं. दहावीनंतर बापाने तिला नगरला मिशनच्या शिवणवर्गात घातलं. तिथल्या रतनबाई म्हणजे कडक बाई. शिवण वाकडी गेली की दाताने दोरा तोडून सगळं उसवून हातात द्यायच्या. हन्ना तिथं जी शिकली ती शिकलीच. नुसतं माणूस दारातून आत येताना बघितलं की तिला छातीचं आणि खांद्याचं माप कळायचं. लग्न होऊन ती सुप्याला आली. नवरा नॅथन एमआयडीसीतल्या एका कारखान्यात माल चढवण्या-उतरवण्याच्या कामावर होता. हन्नाने घरातल्या पुढच्या खोलीत मशीन मांडलं. ब्लाउज, शाळेचे गणवेश, पाळकसाहेबांचा पांढरा झगा, नाताळात लहान पोरींचे देवदूताचे पंख, सगळं तिच्याच हातचं. एखाद्या बाईने ब्लाउज नेला आणि काखेत जरा ओढतो असं कानावर आलं, तर ती बोलावून घ्यायची आणि चहा होईपर्यंत उसवून पुन्हा शिवून द्यायची. पैशाचं नावसुद्धा काढायची नाही.

मग एमआयडीसीत तयार कपड्यांचा कारखाना आला. हन्ना गेटवर गेली. आतून माणूस आला आणि म्हणाला, "सर्टिफिकेट?" सव्वीस वर्षांचा हात ती त्याला दाखवणार कसा? म्हणून तिने केंद्रात नाव घातलं. तिथं परीक्षा घ्यायला आलेल्या बाईंनी तिने बसवलेली कॉलर उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "तुम्ही इथं शिकायला आलाय का शिकवायला?" ते वाक्य हन्नाने घरी येऊन तीनदा सांगितलं होतं.

आणि आता हातात हे.

कार्यालयाच्या कोपऱ्यात टेबल होतं. तिथं केंद्राचे सुनील सर उभे होते, आणि लॅपटॉप आणि प्रिंटर घेऊन पंकजा नावाची ऑपरेटर मुलगी बसली होती. बावीस-तेवीसची असेल. केंद्रात ती नवीन होती, शिवणवर्गात कोण येतं-जातं ते तिला ठाऊक नव्हतं.

"सर, जरा वाचा हे," हन्ना म्हणाली.

सुनील सरांनी वाचलं आणि जीभ चावली. "अरेच्चा, हे राहिलं होय! काही नाही हो ताई. आम्ही इंग्रजीत भरलं होतं, एस ई डब्ल्यू ई आर. म्हणजे शिवणारी. मराठी आपोआप होतं कॉम्प्युटरवर. त्याने त्याचं गटार केलं. पाचही जणींचं तसंच आलं होतं."

"पाचही जणींचं?"

"हो. सकाळी पंकजाने बसून दुरुस्त केले ना सगळे."

"मग माझं?"

सुनील सरांनी पंकजाकडे बघितलं. पंकजाने मान खाली घातली होती. तिला खोटं बोलता आलं असतं. वेळ मिळाला नाही, शाई संपली, नजरचुकीने राहिलं, यातलं काहीही चाललं असतं आणि हन्नाने ते मानलंही असतं. पण त्या पोरीच्या तोंडून जे खरं होतं तेच बाहेर पडलं.

"ताई, बाकीच्या चौघींचे बघितल्याबरोबर मला कळलं, चुकलंय म्हणून. ढाकणे, शेळके... ह्या बायका गटारीच्या कामाला कशाला जातील? पटापट बदलले. मग तुमचं नाव वाचलं, आणि..."

"आणि?"

"मला वाटलं, यांचं बरोबर असेल."

बोलून झाल्यावर तिचं बोलणं तिलाच ऐकू आलं असावं. तिने झटकन तोंडावर हात धरला.  

"तिला तसं म्हणायचं नव्हतं," सुनील सर घाईघाईने म्हणाले.

"तसंच म्हणायचं होतं, सर," हन्ना म्हणाली. "ती खरं बोलली. तुम्ही बोला आता. मी कॉलर बसवताना तुम्ही तिथंच उभे होता ना?"

सरांनी लॅपटॉप आपल्याकडे वळवला. त्यांनी अडचण सांगितली. सकाळच्या दुरुस्तीनंतरही तिचं काम 'गटार' असंच नोंदलेलं राहिल्यामुळे यादी परस्पर एका ठेकेदार कंपनीकडे गेली होती आणि त्यांनी हन्नाचं नाव उचललंसुद्धा होतं. प्रमाणपत्राला मागून कामाचं पत्र टाचलेलं होतं: सोमवारी सकाळी सात वाजता हजर व्हावे, गमबूट साईटवर मिळतील. आता त्या लोकांनी नाव सोडल्याशिवाय पोर्टलवर दुसरं काम चढणार नाही, आणि ते चढल्याशिवाय नवं प्रमाणपत्र निघणार नाही.

"म्हणजे मीच जाऊन माझं नाव गटारातून काढून आणायचं?"

"फक्त एक सही आणा, ताई."

ती रिक्षाने घरी आली. वाटेत रडू आलं नाही. कानात नुसता टाळ्यांचा आवाज येत होता.

घराच्या ओट्यावर तिचे वडील इसहाक पाटोळे लसूण सोलत बसले होते. वय चौऱ्याहत्तर. आई गेल्यापासून ते लेकीकडेच राहायला होते. माणूस अबोल. नॅथन कामावर गेलेला. मुलगी आराधना नगरच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बीएच्या शेवटच्या वर्षाला होती, ती आईचं प्रमाणपत्र बघायला म्हणून घरीच थांबली होती. टेबलावर तिने पेढ्यांचा पुडा आणून ठेवला होता.

हन्नाने प्रमाणपत्र टेबलावर आपटलं आणि मग तिचा बांध फुटला.

"वाच! मोठ्यानं वाच! मी काय गटारात उतरणारी बाई दिसते का? चार पिढ्या झाल्या आपल्याला बाप्तिस्मा घेऊन. शाळा झाल्या, नोकऱ्या झाल्या. त्या घाणीतून कधीच वर आलो आपण, आणि ही कालची पोरगी नाव वाचते आणि मला परत तिथंच नेऊन टाकते! कुणी हूं का चूं केलं नाही. टाळ्या वाजवल्या लोकांनी, टाळ्या!"

ओट्यावर इसहाकच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली.

आराधनाने वाचलं. ती पांढरीफटक पडली. मग घाबरलेली माणसं करतात तसं तिने हाताला लागेल ते करायला घेतलं. कॉलेजचा जाड शब्दकोश काढला. "मम्मी, शब्द एक नाहीये. दोन आहेत. लिहायला सारखे, बोलायला वेगळे. शिवणारी, तिला म्हणायचं सोअर. आणि गटार, ते सूअर."

"ऐकायला पण तसलंच मेलं."

"दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. हे बघ, गटारवाला शब्द फ्रेंचांकडून आला, त्यांनी लॅटिनवरून घेतला. मुळात अर्थ पाणी बाहेर काढणं, एवढाच. तळ्याचं जादा पाणी सोडायचा चर. घाण नंतर आली त्यात. आणि अजून एक तिसराही होता, जुना. राजाच्या पंगतीला ताटं मांडणारा, लोकांना जागेवर बसवणारा माणूस, त्यालाही हेच म्हणायचे." बोलता बोलता तिला शिकल्यासवरल्याचा जोर चढला. "आणि शिवणारी आहे ना, तो शब्द आपल्या घरातला आहे, मम्मी! संस्कृतात सीव्, आपलं शिवणं आणि इंग्रजांचं ते सो, सगळे एकाच मुळाचे. हजारो वर्षांपूर्वीचे भाऊबंद."

हन्ना तिच्याकडे बघतच राहिली. "मग त्या मशीनला हे ठाऊक नव्हतं?"

"मशीनला नव्हतं." आराधनाचा आवाज एकदम खाली आला. "त्या पंकजाला होतं."

तेवढ्यात ओट्यावरून इसहाक बोलले. ते आपणहून बोलले याचंच दोघींना नवल वाटलं.

"आपल्यात बी हायेत की दोन. लिवायला बी येक, बोलायला बी येक. शिवनं." ते उठून आत आले. "माझी आई सांगायची. गावात वाटंनं चाललं की लोकं लांबूनच वरडायची, शिवू नको, ये, शिवू नको. मग मिशनच्या मडमबाई आल्या. त्यांची मराठी पुस्तकातली. समद्या बायांना गोळा करून म्हनल्या, 'उद्यापासून बंगल्यावर शिवायला या.' बाया लागल्या एकमेकींकडं बघाया. आई म्हनली, ही गोरी बाई खुळी झाली. जन्मभर शिवू नको ऐकलेलं, आन ही म्हनती शिवायला या! चारदोन बाया तर भिऊन गेल्याच न्हाईत. आई गेली. बंगल्याच्या पायरीपशी हुबी ऱ्हायली, आन मडमबाईचं बोट हळूच शिवून बघितलं. मडमबाईनं तिच्या हातात सुई दिली. तवा कळलं, कसलं शिवायचं ते."

आराधना हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. हन्नाने ही गोष्ट कधीच ऐकली नव्हती.

"दाव तो कागद," इसहाक म्हणाले.

त्यांनी चष्मा लावला. शाळा चौथीपर्यंतची. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्यांनी वरच्या इंग्रजी ओळीवर बोट ठेवलं, सरकवत नेलं आणि बरोबर त्या शब्दावर थांबवलं.

"ह्यो. ह्यो शब्द मी वळकतो. यस, ई, डब्ल्यू, ई, आर. म्होरं अजून तीन अक्षरं हुती. यम, ए, यन. सत्तावीस वरसं खिशाला लावून हिंडलो."



"आमचा मुकादम हजेरी घ्यायचा तवा म्हनायचा, शिवरमन इसहाक पाटोळे. मला पयल्यांदा वाटलं, कुना मद्रासी मानसाचं नाव चुकून माझ्या पासावर पडलं. सा म्हैने मी त्याला सांगत हुतो, सायेब, माझं नाव शिवरमन न्हाई."

"बाबा," हन्ना म्हणाली, "तुम्ही पाणीपुरवठ्यात होता. पंपावर."

"पानीच हुतं ते बी."

हन्ना मशीनच्या स्टुलावर बसली.  लहानपणापासून ती सांगत आली होती: माझे वडील पुण्याकडे नगरपालिकेत, वॉटर डिपार्टमेंटला. शाळेच्या फॉर्मवर तेच लिहिलं, लग्न जमवताना तेच सांगितलं. बाप महिन्याकाठी दोनदा शनिवारच्या एसटीने यायचा. ती धावत फाट्यापर्यंत जायची. तो कधी तिला उचलून घ्यायचा नाही. दोन्ही हात पाठीमागे धरून चार पावलं लांब उभा राहायचा आणि म्हणायचा, "थांब गं बाई, शिवू नको आत्ता. आंघूळ करू दे." आई मागच्या परसात तापलं पाणी काढून द्यायची. तो दोन-दोनदा आंघोळ करायचा, लाल साबणाने, कातडी सोलून निघेल इतकी घासून. त्याचे कपडे आई वेगळे धुवायची. हन्नाला वाटायचं, बाबांना प्रवासाची धूळ सहन होत नाही. थोडी मोठी झाल्यावर तिला वाटायला लागलं, बाबांची माया कमी आहे. आणि ते तिच्या मनात इतकी वर्षं बसून राहिलं होतं.

"आईला ठाऊक होतं?"

"तिच्याबिगर कसं जमलं असतं?"

"आजोबा, सांगितलं का नाही कधी?" आराधनाने विचारलं.

"सांगून तिनं शाळंत काय सांगितलं असतं?" इसहाक म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "आसाराम म्हनून जोडीदार हुता माझा. माझ्या म्होरं उतरला, वर आलाच न्हाई. गॅस. मी दोर वढला तर दोर हलका आला. त्याच वरसी तुला नगरला शिवनाच्या वर्गाला घातलं, आन मशीन घिऊन दिलं. म्हनलं, पोरीच्या हातात सुई ऱ्हाऊ दे."

हन्नाला मघाशी आपण काय ओरडलो ते आठवलं. गटारात उतरणारी बाई दिसते का. त्या घाणीतून कधीच वर आलो. हे सगळं ती ज्याच्यासमोर बोलली, तो माणूस लसूण सोलत ऐकत होता.  ती नुसती त्यांच्या हातांकडे बघत बसली. नखं बोटांच्या आत गेलेली, अंगठ्याच्या मुळाशी जुना व्रण. हे हात तिने आयुष्यभर पाहिले होते, आणि ते कशाने झाले हे एकदाही विचारलं नव्हतं.

रात्री कामावरून आल्यावर नॅथनला सांगितलं, तर तो कितीतरी वेळ चप्पल न काढता उंबऱ्यातच उभा राहिला आणि मग सासऱ्यासाठी तंबाखूची पुडी आणायला निघून गेला.

सोमवारी सकाळी सही आणायला हन्ना निघाली, तेव्हा इसहाक टोपी घालून आधीच बाहेर उभे होते. "मी बी येतो," एवढंच म्हणाले.

साईट जवळच्याच एका गावातल्या बाजारपेठेच्या मागे होती. ठेकेदाराचा सुपरवायझर गहिनीनाथ स्कूटरवर रजिस्टर ठेवून उभा होता. लंकाबाई नावाची एक बाई उघड्या नालीतून फावड्याने गाळ ओढत होती. हातात मोजे नव्हते, गमबूटही नव्हते. पलीकडे तिच्या नवऱ्याने नुकतंच गोल लोखंडी झाकण सरकवलं होतं आणि तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आत पाय सोडत होता.

"थांब!"

हन्नाने बापाचा एवढा मोठा आवाज जन्मात ऐकला नव्हता. इसहाक अक्षरशः धावत गेले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस त्या बाप्याचा दंड धरून त्याला मागे ओढत होता.

"झाकन कवा उघडलं? आत्ता? आन लगेच पाय सोडतो? मागचं आन म्होरचं, दोन्ही झाकनं उघड आधी. वारं खेळू दे. कमरंला दोर कुठाय? वर मानूस कोन? ती बिडी हिझव आधी!"

"ओ आजोबा," गहिनीनाथ पुढे आला, "तुम्ही कोण?"

इसहाकने त्याच्याकडे वळून पाहिलं. "शिवरमन," ते म्हणाले. "सत्तावीस वरसं. आन आता तर कायदा हाय, मानूस आत सोडायचाच न्हाई. मशीनची गाडी बोलवा. न्हाईतर मी हितंच बसतो, ह्या भोकावर."

आणि ते खरंच बसले, झाकणाच्या कडेला, मांडी घालून. बाजारातली माणसं जमायला लागली. कुणीतरी मोबाईल काढला. हन्ना दगडासारखी उभी. घरात पाणी मागतानाही आवाज न चढवणारा आपला बाप हा नव्हे, असंच तिला वाटत होतं. लंकाबाई फावडं टेकवून इसहाकजवळ आली आणि म्हणाली, "बाबा, परवा हे वर आलं तर यांना अर्धा तास दिसतच नव्हतं. सायेबाला सांगितलं, तर म्हनला, ऊन लागलं." इसहाक तिला सांगत राहिले: डोळे चुरचुरले तर काय समजायचं, सडक्या अंड्यासारखा वास येत होता तो एकदम यायचा थांबला तर का पळायचं. लंकाबाई मन लावून ऐकत होती. हन्नाही ऐकत होती.

गहिनीनाथला ही कटकट लवकरात लवकर जायला हवी होती. हन्नाने पत्र पुढे केलं, तेव्हा त्याने काय लिहिलंय ते न वाचताच सही ठोकली. पण इसहाक उठले नाहीत. अकराच्या सुमाराला गाळ ओढणारी गाडी आली तेव्हा उठले. लंकाबाईचा नवरा त्या दिवशी आत उतरला नाही. दुसऱ्या दिवसाचं कोण सांगणार? आठवड्याने इसहाक पुन्हा जाऊन आले, तर ठेका दुसऱ्या गावाला गेला होता आणि ती दोघंही तिकडे गेली होती.

नवं प्रमाणपत्र निघायला पाच आठवडे लागले. ते घेऊन पंकजा स्वतः घरी आली. हन्नाने तिला दारातून घालवलं नाही, पण या म्हणून हसलीही नाही. खुर्ची दिली आणि पाणी दिलं. पंकजाने ग्लास हातात धरून ठेवला.

"ताई, तेव्हापासून यादी तपासायला बसले की मी नावांवर पट्टी ठेवते. नुसतं काम वाचते."

"नावं कशाला झाकतेस?" हन्ना म्हणाली. "नाव वाच. आमची नावं वाचायलाच आहेत. फक्त चूक दिसली की सगळ्यांचीच धर."

पंकजाने मान डोलावली. जाताना तिने विचारलं, "ब्लाउज शिवाल का माझा?" हन्नाने तिच्याकडे एक नजर टाकली. माप तर तिला कळलंच होतं. पण ती म्हणाली, "बघू." त्या दिवशी तिच्याकडून तेवढंच निघालं.

कारखान्यात हन्नाला काम मिळालं. कॉलर बसवायच्या लाईनीवर तिला घेतलं, आणि दोन महिन्यांत नव्या पोरी तिच्याकडे शिकायला बसवल्या जाऊ लागल्या.

आणि मार्च महिन्यात एका रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का. इसहाक उठले. आयुष्यात ते कधी साक्ष द्यायला उठले नव्हते. पुढे जाऊन उभे राहिले आणि काय काम केलं ते त्यांनी सांगितलं. आडवळणाने नाही, सरळ सांगितलं. आसारामचं नाव घेतलं. त्याच्यासाठी प्रार्थना करा म्हणाले, इतकी वर्षं मी ती चोरून करत आलो. बायकांच्या बाजूला हन्ना मान ताठ करून बसली होती. तिला वाटत होतं, आता मंडळी चुळबुळ करतील, नजर फिरवतील.

कुणीही नजर फिरवली नाही. मग पुरुषांच्या शेवटच्या बाकावर काठीचा आवाज झाला. अँड्र्यूकाका उठत होते. ते मुंबईला गोदीत क्रेनवर होते हे अख्ख्या मंडळीला ठाऊक होतं. क्रेनच्या उंचीच्या गोष्टी त्यांनी तीन पिढ्यांतल्या पोरांना सांगितल्या होत्या.

"मी पण," अँड्र्यूकाका म्हणाले. त्यांची बायको दचकून त्यांच्याकडे बघायला लागली. "मी पण क्रेनवर नव्हतो."

पाळकसाहेबांनी उघडलेलं गीताचं पुस्तक मिटून ठेवलं आणि त्यांना पुढे यायची खूण केली. त्या दिवशी उपासना सुटायला दीड वाजला.